शेजारचा पट्टा

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या आणि दुसरं काहीतरी वाचायला जा. मला राग येणार नाही. म्हणजे येईल, पण मी बोलून दाखवणार नाही.

ही घडली माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत. आणि मावशी म्हणजे भुताखेतांना घाबरणारी बाई नव्हे हो! छपरावर काही वाजलं की आपण पांघरूण डोक्यावर ओढतो, ती काठी घेऊन वर जाते.

वेळही मध्यरात्रीची नव्हती. संध्याकाळ होती. धुकं उतरलेलं, दिवे नुकतेच लागलेले. जागा म्हणजे मावशीच्या घराखालची शेड. एक बल्ब, एक पंक्चर सायकल, रंगाचे रिकामे डबे, आणि काकांची पांढरी गाडी.

पण तिथून सुरुवात केली तर तुम्हाला काही कळायचं नाही. आधी काका सांगावे लागतील.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, गाडी चालवायला शिकवायचे. अख्खं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. गावात स्टेअरिंग धरणारा जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी त्यांच्या शेजारी बसून घामाघूम झालेला.

शिकवायच्या गाडीत एक सोय असते. शिकवणारा शेजारच्या सीटवर बसतो आणि त्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोळ घातला की शिकवणारा आपला ब्रेक दाबतो. झालं, गाडी जागच्या जागी.

काका मात्र तो ब्रेक आधीच दाबून बसायचे.

गाडी सुरू केली की शिकणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, आरसा बघितला, पट्टा लावला, गियर टाकला, मागे बघितलं, पुढे बघितलं. यातलं एकही राहिलं तर काकांचा पाय ब्रेकवरून हलायचा नाही. पोरं गाडी रेटायची, इंजिन बोंबलायचं, गाडी ढिम्म! आणि काका खिडकीबाहेर बघत नाकातल्या नाकात गुणगुणत बसायचे. सूर नाही, ताल नाही. नुसतं हं… हं… हं…

सगळ्यात जास्त पोरं अडकायची ती शेवटच्या प्रश्नाला. तो शेजारच्याला विचारायचा. "तुमचा पट्टा लावलात का?"

काका मुद्दाम पट्टा न लावता बसायचे. सीटवर वजन आहे आणि पट्टा लावलेला नाही असं झालं की त्या गाडीत घंटी वाजते. टिंग… टिंग… टिंग… भाजीची जड पिशवी ठेवली तरी वाजायची.

"गाडी स्वतः कोकलून सांगतेय, तरी या शहाण्यांच्या डोक्यात प्रकाश पडत नाही," काका जेवताना हसत सांगायचे. "अगं, स्टेअरिंग हातात आलं की माणसाला शेजारचा दिसतच नाही."

"मग मला का नाही शिकवत?" मावशी विचारायची. "मला दिसाल की तुम्ही. उठता बसता तुम्हीच दिसता."

"तुला शिकवायला घेतलं तर घरात जेवायला मिळेल का मला? शिकवीन. जरा सवड होऊ दे."

ती सवड काही झाली नाही. गाव शिकलं, बायको राहिली.

काका गेले ते त्या गाडीतच.

दुपारचा शेवटचा विद्यार्थी मैदानाजवळच्या उतारावर उतरला आणि आपल्या घरी गेला. उतरायच्या घाईत त्याने गाडी न्यूट्रलमध्ये सोडली आणि हँडब्रेकही ओढला नाही. काका शेजारच्या सीटवर होते. त्यांनी आपला ब्रेक दाबला असणार, आणि तेवढ्यात छातीत कळ आली असणार. नक्की काय झालं ते कोणालाच माहीत नाही.

संध्याकाळपर्यंत गाडी तिथेच उभी होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, मास्तर डुलकी काढतायत.

त्या उताराच्या तळाशी मुलांचं मैदान आहे. त्याला ना भिंत, ना कुंपण. सगळी दुपार पोरं तिथे चेंडू खेळत होती.

गाडी बोटभरही सरकली नाही.

दार उघडलं ते पान्हाकाकांनी. पान्हाकाका म्हणजे गॅरेजवाले, काकांचे लहानपणापासूनचे मित्र. मागच्या खिशात कायम पान्हा, म्हणून काकांनीच ठेवलेलं नाव. ते सांगतात, मास्तरांचा पाय ब्रेकवरून काढायला दोन माणसं लागली. पाय निघाला की गाडी खाली सुटणार, म्हणून त्यांनी चाकांखाली दगड लावून घेतले होते.

पाय निघाला. माणसाला उतरवलं. मग दगड काढले.

गाडी तरीही हलली नाही…

पान्हाकाकांनी चाकावर हातोडी घातली, तेव्हा कुठे आतून आवाज आला. टक. आणि मग ती सुटली.

"होतं असं," पान्हाकाका तेव्हा म्हणाले. "दमट हवा, ओली चाकं, गाडी तासन्‌तास उभी. ब्रेक गंजून चिकटतात."

सगळ्यांना ते पटलं. न पटायला काय होतं?

गाडी शेडमध्ये आली आणि तिथेच राहिली. माझी मावसबहीण, म्हणजे मावशीची एकुलती एक मुलगी, तिला मी ताई म्हणते. ताई म्हणाली, "आई, विकून टाक. बघवत नाही मला." मावशी हो म्हणाली आणि विकली नाही.

मग ताईला दिवस गेले.

आता इथे एक सांगायला हवं. ताई राहते वर डोंगरावर, वळणावळणाच्या रस्त्याने तासाभराच्या अंतरावर. नवरा जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. तेव्हा ती घरात एकटी होती आणि काका गाडी घेऊन परगावी गेलेले होते. तिने फोन केला, आणि मावशी गाडी शोधत रस्त्यावर वेड्यासारखी फिरत राहिली. पोचली तेव्हा सगळं संपलेलं होतं.

मावशीने ते कधी बोलून दाखवलं नाही. पण या वेळी बातमी कळली, तशी ती उठली आणि सरळ गॅरेजवर गेली.

"भाऊजी, मला गाडी शिकवा. या वेळी माझी पोर हाक मारेल तेव्हा मी तिथे असणार म्हणजे असणार."

पान्हाकाका दुसऱ्या दिवशी आले. मावशी स्टेअरिंगवर, ते शेजारी. इंजिन सुरू झालं, पण गाडी हलेना. ते हसले. "चिकटले बघा. उतरतो, हातोडी…"

त्यांनी हळूच खाली पायाशी बघितलं. मग दार उघडून उतरले, चाकावर हातोडी घातली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

"अहो, पुढे या ना."

"मागून बरं दिसतं मला."

"आणि मी ठोकली तर मागून काय करणार? टाळ्या वाजवणार?"

पान्हाकाका हसले नाहीत. पुढचे सगळे महिने त्यांनी तिला मागे बसूनच शिकवलं. का, ते तेव्हा सांगितलं नाही.

मावशी मात्र शिकली हो! कुंपणाला दोनदा गाडी घासली, एका म्हशीएवढ्या कचरापेटीला आडवं केलं, पण शिकली. परीक्षा पास झाली. ताईकडे दिवसाउजेडी दोन-तीन चकराही मारून आली.

फक्त गाडीचं ते दुखणं काही जाईना.

बाजारात घटकाभर उभी केली तर काही नाही. पण तासन्‌तास उभी राहिली की चाकं धरलीच म्हणून समजा. पान्हाकाकांनी सांगितलं, हँडब्रेक लावूच नका, गियरमध्ये ठेवा आणि चाकाला वीट लावा. मावशीने तसं केलं. तरी तेच. शेवटी तिने हातोडी शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवली. सकाळी उठायचं, ठोकायचं, टक, निघायचं.

एक दिवस पान्हाकाकांनी चाकं खोलली. बराच वेळ बघत राहिले.

"काय झालं, भाऊजी?"

"गंज नाहीये, वहिनी. ब्रेकचे पॅड चकाचक आहेत."

"मग धरतं काय?"

"तेच कळत नाही. हँडब्रेकने मागची दोनच चाकं धरतात. तुमची चारही धरतात. चारही धरायची तर…"

"तर काय?"

"तर कोणीतरी पेडल दाबून बसायला लागतं."

दोघंही हसले. पण शेडमध्ये ते हसणं फार वेळ टिकलं नाही.

त्यानंतर बॅटरी उतरायला लागली. पान्हाकाका विचारायचे, दिवे चालू ठेवता का? मावशी म्हणायची, मला काय वेड लागलंय?

मग एका संध्याकाळी ती मागच्या अंगणात कपडे काढायला गेली. हवा ओली होती, कपडे वाळलेच नव्हते. चिडचिड करत वळली, तर शेडची भिंत…

लाल दिसत होती.

अंधूक, लाल उजेड. ती पुढे गेली. गाडी बंद होती. किल्ली तिच्या कमरेला होती. आणि गाडीचे मागचे दोन्ही दिवे लागलेले होते.

ब्रेक दाबला की जे लागतात, ते.

मावशी तशीच उभी राहिली. हातातला ओला टॉवेल गार पडला होता. तिने काचेतून आत बघितलं. आत कोणी नव्हतं.

"अहो…?" तिच्या तोंडून निघून गेलं.

दिवे विझले.

तुम्ही म्हणाल, मग तिने गाडी विकली का नाही? मीही विचारलं होतं. ती म्हणाली, "तुला खोटं कशाला सांगू? मला भीती वाटली. पण भीतीपेक्षा बरं जास्त वाटलं गं. इतक्या दिवसांनी घरात कोणीतरी आहे असं वाटलं."

पान्हाकाका म्हणाले, तो दुसरा ब्रेक काढून टाकतो, आता त्याचा उपयोग काय? मावशी म्हणाली, राहू दे.

आणि मग ती संध्याकाळ आली.

दिवसभर पाऊस लागून राहिला होता आणि गाडी सकाळपासून शेडमध्ये होती. ताईचे दिवस भरत आले होते. दुसऱ्याच दिवशी मावशी तिकडे मुक्कामाला जाणार होती. पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

फोन वाजला.

"आई… आई, पाणी गेलंय. आणि रक्त दिसतंय गं…"

"घाबरू नकोस. दाराची कडी काढून ठेव आणि तिथेच बस. मी निघालेय."

"दवाखान्याची गाडी निघालीये म्हणाले. पण खालच्या पुलाशी अपघात झालाय, रस्ता बंद आहे. किती वेळ लागेल सांगता येत नाही म्हणाले. आई, तू ये. आई, मागच्या वेळसारखं…"

"निघालेय म्हटलं ना!"

मावशीच्या घराकडून वर जाणारा रस्ता मोकळा होता. डोंगरापलीकडे दुसरा दवाखानाही होता, पण त्यांच्याकडे रुग्णांना आणायला गाडी नव्हती. गाडी हवी होती, आणि या वेळी गाडी दारात होती.

ती दाराशी ठेवलेली पिशवी उचलून शेडमध्ये धावली आणि पिशवी मागच्या सीटवर टाकली. इंजिन सुरू झालं. तिने गियर टाकला.

गाडी ढिम्म.

ती उतरली आणि खिळ्यावरची हातोडी घेऊन चाकावर घातली. आवाज आला नाही. दुसऱ्या चाकावर घातली. नाही. चारही चाकांना फेरी मारली. हात झिणझिणायला लागले, पण तो टक काही येईना.

पान्हाकाकांना फोन लावला. ते पुलाजवळच्या त्या अपघातामुळेच अडकलेले. "वहिनी, मागे-पुढे करून बघा. गियर पालटा, रेटा जोरात!"

तिने रेटलं. इंजिन बोंबललं. शेडभर धूर झाला.

गाडी केसभरही हलली नाही.

शेजाऱ्यांची गाडी मागावी तर घराला कुलूप. भाड्याच्या गाडीवाल्याने धुकं बघून नाही म्हटलं. मावशी परत येऊन गाडीत बसली, आणि तिचा बांध फुटला.

"अहो, सोडा ना!" ती त्या रिकाम्या सीटकडे बघून ओरडली. "आपली पोर आहे ती! मागच्या वेळी मी पोचले नाही. आता तुम्ही अडवताय? सगळ्या गावाला सोडलंत, मलाच का धरून ठेवलंय?"

इंजिन घुरघुरत होतं. वरून पत्र्यावर पाणी ठिबकत होतं.

आणि मग तिला ऐकू आलं…

हं… हं… हं…

इंजिनचा आवाज असेल, ती स्वतःशी म्हणाली. पण इंजिन समोर होतं, आणि हे शेजारी होतं.

मावशीची पाचावर धारण बसली. दार उघडून पळत सुटावं असं वाटलं. पण पळून जायचं कुठे? पोर डोंगरावर होती.

तिने डोळे पुसले. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. आणि शाळेतल्या पोरीसारखं मोठ्याने म्हणाली,

"आरसा बघितला."

"पट्टा…" तिने पट्टा लावलेला नव्हता. घाईत राहिला होता. तिने तो लावला. "पट्टा लावला."

"गियर टाकला."

"मागे बघितलं. पुढे बघितलं."

तिने हळूच गाडी रेटली.

नाही.

गुणगुणणं थांबलं होतं. शेडमध्ये एकदम शांत वाटलं. आणि त्या शांततेत…

टिंग…

टिंग…

टिंग…

मावशीने आपला पट्टा चाचपला. लावलेला होता. तिने पिशवीकडे बघितलं. पिशवी मागच्या सीटवर होती.

शेजारची सीट रिकामी होती. तिच्यावर वर्तमानपत्राचा कागदसुद्धा नव्हता.

सीटवर वजन असल्याशिवाय ती घंटी वाजत नाही, हे मी मघाशी सांगितलंय. इतक्या महिन्यांत ती एकदाही वाजली नव्हती.

टिंग… टिंग… टिंग…

स्टेअरिंग हातात आलं की माणसाला शेजारचा दिसतच नाही.

मावशीने शेजारी मान वळवली आणि विचारलं.

"तुमचा… पट्टा लावलात का?"

घंटी वाजतच राहिली.

मग तिने हात लांब केला. डोळे मिटून घेतले. शेजारचा पट्टा ओढला आणि त्या रिकाम्या सीटवरून आणून खाली खटक्यात बसवला.

ती मला सांगते, "रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला की तो सपाट बसतो, हो की नाही? तो सपाट बसला नाही. मध्ये… फुगलेला राहिला. पोटावरून गेल्यासारखा. त्यांचं पोट सुटलं होतं गं शेवटी."

घंटी थांबली.

खालून आवाज आला. टक.

आणि गाडी निघाली.

त्या रस्त्यावर धुकं असं होतं की दिव्यांच्या पुढे हातभर दिसत नव्हतं. मावशीने एकच गोष्ट मनाशी धरली होती. नजर रस्त्यावर. शेजारी बघायचं नाही.

पहिलं वळण आलं. ती ब्रेक दाबायला गेली…

गाडी आधीच मंदावली होती.

दुसऱ्या वळणालाही तेच. तिचा पाय पोचायच्या आत पेडल आपोआप खाली गेलेलं असायचं. वळण संपलं की वर यायचं. अशी सगळी वळणं गेली. वायपरचा आवाज, आणि मधूनच ते हं… हं… हं… ती रडत होती आणि चालवत होती.

"पोचवाल ना?" तिने एकदाच विचारलं. उत्तराची तिला धास्तीच होती. ते आलं नाही.

ताई दाराशी जिन्यावर बसली होती, भिंतीला टेकून, पांढरीफटक. मावशीने तिला उठवलं आणि खांद्याचा आधार देत गाडीपाशी आणलं. ताईने पुढच्या दाराला हात घातला.

"तिथे नको!" मावशी किंचाळली.

"का? अगं…" ताई काचेतून आत बघत होती. "या सीटचा पट्टा कोणी लावलाय?"

"मागे आडवी हो, बाळा. बोलू नकोस."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ताईला सरळ आत नेलं. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. "थोडा जरी उशीर झाला असता ना, तर दोघींपैकी कोणाचंच सांगता आलं नसतं," त्या म्हणाल्या. "नात झाली तुम्हाला. दोघी ठीक आहेत."

मावशीचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच बाकावर बसली आणि बसल्या बसल्या झोपली.

सकाळी ती खाली गाडीपाशी आली. रात्रभर गाडी उघड्यावर पावसात उभी होती. घाईत तिने हँडब्रेकही खेचून ठेवला होता. म्हणजे चिकटायला हवं ते सगळं होतं.

ती आत बसली. सगळं मोठ्याने म्हटलं. शेजारी वळून विचारलं, "तुमचा पट्टा लावलात का?"

शेजारचा पट्टा खटक्यात होता, पण सीटवर सपाट पडलेला होता.

गाडी सुटली. लोण्यातून सुरी जावी तशी. ना टक, ना काही.

मावशी सांगते, त्या दिवशी दवाखान्याच्या आवारात ती जितकी रडली, तितकी काका गेले तेव्हाही रडली नव्हती.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसलेच नसते. छान झालं, काकांनी बायकोला शिकवलं, पोरीला वाचवलं, समाधानाने गेले, असं म्हणून मीही डोळे पुसले असते.

त्यानंतर गाडी कधीच अडकली नाही. पान्हाकाकांनी दुसरा ब्रेक काढून टाकला. तेव्हा कुठे त्यांनी मला सांगितलं, पहिल्या दिवशी ते शेजारी बसले तेव्हा काय झालं होतं. त्यांनी पाय ब्रेकवर ठेवायला नेला, तर पेडल आधीच तळाला गेलेलं होतं.

"आणि ते दाबायला माझ्या पायाला जागाच नव्हती," ते म्हणाले. "तिथे पाय होता, पोरी."

ताई बाळाला घेऊन मावशीकडे राहायला आली. बाळ बसायला लागलं तेव्हा मी भेटायला गेले. ऊन उतरल्यावर म्हटलं, जरा फिरवून आणते हिला. ओट्यावर बाबागाडी दुपारपासून उभी होती. नवी कोरी, जहाजावरून बापाने पाठवलेली. मी बाळाला बसवलं, अंगावर दुपटं टाकलं आणि ढकललं.

बाबागाडी हलली नाही.

मी खाली वाकून बघितलं. ब्रेकचा खटका वर होता, म्हणजे सुटलेला. परत ढकललं. चारही चाकं फरशीला धरून होती.

स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज आला. तिची पाठ होती माझ्याकडे. तिला मी दिसत नव्हते.

"तिचा पट्टा लावलास का गं?"

"लावलाय की!" मी म्हटलं. मग दुपटं उचलून बघितलं.

लावला नव्हता.

मी पट्टा लावला. खटका बसला, आणि चाकांतून आवाज आला…

टक.

मावशी हात पुसत बाहेर आली. मी तिच्याकडे बघितलं. ती बाबागाडीकडे बघत होती.

"मावशी, हे काय आहे?"

"दमट हवा," ती म्हणाली. "तासन्‌तास उभी राहिली की चिकटतात ब्रेक."

"मावशी!"

मग ती खाली बसली आणि हळू आवाजात, ताईला ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणाली, "त्यांना तिची काळजी वाटते गं. आणि सोडतात ते. अजून तरी सोडतात."

मी बाळाला मैदानापर्यंत फिरवून आणलं. उतारावर बाबागाडी हातातून ओढली जायला हवी होती. ती ओढली गेली नाही. कोणीतरी मागून धरल्यासारखी हळूहळू उतरली.

परवा ताईचा फोन आला होता. बाळ आता चालायला लागलंय. सगळे खूश आहेत.

"फक्त एक गंमत आहे बघ," ताई म्हणाली. "झोपून उठली की लगेच चालत नाही. उभी राहते, मी बोलावते, तिला यायचंही असतं. हात पुढे करते, रडते. पण पाय उचलत नाही. फरशीला चिकटल्यासारखे. डॉक्टर म्हणाल्या, पाय ठणठणीत आहेत, काळजी करू नका."

"मग चालते कधी?" मी विचारलं.

"आई येऊन काहीतरी पुटपुटते तिच्या कानात. मग निघते लगेच. पण काल आई बाहेर गेली होती ना…"

"काल काय झालं?"

"काल ती संध्याकाळपर्यंत तशीच उभी होती गं. आई घरी येईपर्यंत."